शिफ्ट दाबून ठेवा

महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी एक सॉफ्टवेअरवाला असतो. एसटी स्टँडसमोरचं कॉम्प्लेक्स, पहिला मजला, खाली झेरॉक्स आणि वर हा. मेडिकलचं बिलिंग, पतसंस्थेची पिग्मी, दूध डेअरीचं फॅटनुसार पेमेंट, सराफाची गिरवी, मंगल कार्यालयाचं बुकिंग, म्हणाल ते तो एकहाती बनवून देतो. त्याचं ठेवणीतलं हत्यार म्हणजे मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस. नोव्हेंबर १९९२ मध्ये बाजारात आलेल्या या प्रकरणाची खुबी अशी, की तक्ते, फॉर्म, रिपोर्ट, कोड असा सगळा संसार एकाच फाईलमध्ये मावतो. फाईल पेनड्राइव्हवर घ्यायची, गिऱ्हाइकाच्या मशीनवर उतरवायची, डेस्कटॉपवर गणपतीच्या शेजारी एक आयकॉन ठेवायचा, की सॉफ्टवेअर 'इन्स्टॉल' झालं.

आता जे एका मिनिटात उतरवता येतं ते तेवढ्याच वेळात उचलूनही नेता येतं, हे प्रोग्रामरच्या ध्यानात येतं ते नेमकं डिलिव्हरीच्या आदल्या रात्री.

तोवर त्याला सुरक्षेचं काही पडलेलं नसतं. चहा घेऊन आलेल्या पोऱ्यालासुद्धा त्यानं आपला स्टॉक रिपोर्ट कौतुकानं दाखवलेला असतो. पण आदल्या रात्री त्याच्या डोळ्यांपुढे शेजारच्या तालुक्यातला दुसरा सॉफ्टवेअरवाला उभा राहतो. तो आपली फाईल पळवणार, 'अबाउट'मधलं नाव बदलणार आणि निम्म्या किमतीत विकणार! वस्तुस्थिती अशी असते, की त्या कोडमध्ये 'टेम्प', 'टेम्प१', 'टेम्पनवीन' आणि 'टेम्पफायनलखरं' अशा नावांची व्हेरिएबल्स असतात आणि तो कोड चोरून वाचण्यापेक्षा नव्यानं लिहिणं कुणालाही सोपं जाईल. पण स्वतःच्या कोडच्या बाबतीत प्रत्येक प्रोग्रामर आईच्या नजरेनं पाहतो. दृष्ट लागू नये म्हणून तो रात्री अकरा वाजता कुलपं ठोकायला बसतो.

पहिलं कुलूप देखणं असतं. फाईल उघडताच थेट लॉगिनचा फॉर्म यावा, डावीकडची तक्त्यांची यादी दिसू नये, वरचे मेनू गायब व्हावेत, अशी सोय ॲक्सेसमध्ये आहे. पाच-सहा खुणा काढल्या की झालं. मग लोगो, मग 'युजर नेम', 'पासवर्ड' आणि तीनदा चुकल्यास लाल अक्षरांत दम. प्रोग्रामर खूश होऊन झोपतो.

या कुलपाची किल्ली कीबोर्डावर आहे आणि ती दोन्ही बाजूंना आहे. शिफ्ट दाबून ठेवून फाईल उघडली, की ॲक्सेस सुरुवातीचं सगळं नाटक वगळतं. ना लॉगिन, ना लोगो, ना दम. सगळे तक्ते समोर. यात चूक काही नाही. बनवणाऱ्याला स्वतःच्या फाईलमध्ये शिरता यावं म्हणून ही वाट मुद्दाम ठेवलेली आहे आणि ती वाट मदतीच्या पानांवर राजरोस छापलेली आहे.

ती सापडते कुणाला? प्रोग्रामर ज्या चोराची कल्पना करतो तो टोपी घातलेला, अंधाऱ्या खोलीतला हॅकर असतो. प्रत्यक्षात तो मालकाचा भाचा असतो. एमएस-सीआयटी झालेला, बारावीनंतर 'कॉम्प्युटरचंच काहीतरी' करणारा आणि दुपारी मामा जेवायला गेले की गल्ल्यावर बसणारा. त्याला चोरी करायची नसते. त्याला फक्त कंटाळा आलेला असतो. संगणकाच्या सुरक्षेला कंटाळलेल्या माणसाइतका धोका दुसऱ्या कुणाचा नाही. संध्याकाळी तो निरागसपणे सांगतो, "मामा, हे बघा, उधारीचा आकडा असा बदलता येतो." मामांना आधी धक्का बसतो आणि मग, सावकाश, त्यांच्या चेहऱ्यावर वेगळाच भाव उमटतो.

प्रोग्रामरला हे कळलं, की तो शिफ्टचा बंदोबस्त करतो. त्यासाठी 'अलाउ-बायपास-की' नावाचा गुणधर्म आहे. गंमत अशी, की तो फाईलमध्ये मुळात नसतोच. आधी कोड लिहून तो जन्माला घालायचा आणि मग त्याला 'नाही' म्हणायचं. हा कोड लोक नेटवरून उचलतात, चिकटवतात आणि चालवतात. चालवल्यावर लक्षात येतं, की उलटा फिरवायचं बटण आपण ठेवलेलंच नाही. मग रात्री एक वाजता स्वतःच्याच सॉफ्टवेअरच्या दारात, स्वतःच बंद केलेला शिफ्ट पुन्हा पुन्हा दाबत बसलेला प्रोग्रामर दिसतो. तो आत शिरतो कसा? दुसरी कोरी फाईल उघडून, तिथून चार-पाच ओळींचा कोड चालवून तो गुणधर्म पुन्हा 'हो' करतो. हे त्याला जमतं याचा त्याला इतका आनंद होतो, की भाच्यालाही हेच जमेल हा विचार त्या आनंदात वाहून जातो. भाच्याला तर तेवढंही करायला नको. कोऱ्या फाईलमधून 'इम्पोर्ट' म्हटलं, की पासवर्ड नसलेल्या फाईलमधले तक्ते निमूट चालत येतात. पुढच्या दाराशी कितीही दम दिला तरी हे परसदार उघडंच असतं.

लपवालपवीचे आणखीही प्रकार आहेत. तक्त्याच्या नावाआधी 'यूसिस' लावलं, की तो यादीतून अदृश्य होतो, 'सिस्टम ऑब्जेक्ट्स दाखवा' या चौकटीत खूण करेपर्यंत. त्याहून सरस म्हणजे फाईलचं आडनाव बदलणं. २००७ नंतरच्या फाईलचं आडनाव 'एसीसीडीबी' असतं. ते बदलून 'एसीसीडीआर' केलं, की तीच फाईल 'रनटाइम'च्या सोवळ्यात उघडते. डिझाइनला हात लावता येत नाही, तक्त्यांची यादी दिसत नाही, सगळं अगदी कंपनीच्या सॉफ्टवेअरसारखं. आणि ते आडनाव पुन्हा पहिल्यासारखं केलं, की सोवळं सुटलं. ज्याला फाईलचं नाव बदलता येतं तो यातला तज्ज्ञ.

आता कुणी म्हणेल, सरळ फाईललाच पासवर्ड का लावत नाहीत? लावतात. लावतच होते. ॲक्सेस ९७ च्या काळात हा पासवर्ड फाईलच्या अगदी सुरुवातीला लिहून ठेवलेला असे. उघड नाही, तर प्रत्येक अक्षराचं एका ठरावीक आकड्याशी गणित करून. पण ते ठरावीक आकडे जगातल्या प्रत्येक फाईलला सारखेच होते. उलटं गणित केलं, की पासवर्ड हातात. हे काम करणारे पिटुकले प्रोग्राम त्या काळी कुठेही मिळत. पुढच्या, म्हणजे २००० च्या आवृत्तीत मायक्रोसॉफ्टनं सुधारणा केली. त्या गणितात फाईलच्या जन्मतारखेची भर घातली. ती जन्मतारीख कुठे लिहिलेली? त्याच फाईलच्या सुरुवातीला.

नेदरलँड्समध्ये जन्मलेला आणि फ्रान्समध्ये भाषा शिकवणारा ऑग्यूस्त केर्कहॉफ्स यानं १८८३ मध्येच लष्करी सांकेतिक लिपीवर लिहिताना बजावलं होतं, की पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी बिघडू नये, गुप्त राहायची ती फक्त किल्ली. ॲक्सेस ९७ मध्ये पद्धत गुप्त होती आणि किल्ली सगळ्यांना सारखी. केर्कहॉफ्सला वाचून कुणी नेमकं उलटं करायचं ठरवलं असतं, तरी इतकं साधलं नसतं.

शिवाय त्या पासवर्डानं दार बंद होई, पण भिंती काचेच्याच राहत. डेटा कूटबद्ध होत नसे. फाईल नोटपॅडमध्ये उघडली, तरी कचऱ्याच्या अक्षरांतून गिऱ्हाइकांची नावं वाचता येत. याला एकच सन्माननीय अपवाद होता आणि तो मराठीचा. तेव्हा युनिकोड रुळलं नव्हतं. श्रीलिपी, कृतिदेव अशा फॉन्टांत टाइप केलेला मजकूर आतून रोमन अक्षरांच्या खिचडीसारखा साठवला जाई. तो फॉन्ट मशीनवर नसेल तर सभासदाचं नाव, गाव, थकबाकी सगळं अगम्य. म्हणजे मायक्रोसॉफ्टला जे साधलं नाही ते आपल्या फॉन्टांनी साधलं होतं. फक्त मशीन बदललं, की संस्थेच्या सचिवांनाही आपलेच सभासद ओळखू येत नसत.

त्याच काळात ॲक्सेसमध्ये एक भारदस्त सुरक्षा होती. वापरकर्ते, गट, कुणाला काय पाहता येईल, कुणाला काय बदलता येईल याची सगळी नोंद 'सिस्टम.एमडीडब्ल्यू' नावाच्या वेगळ्या फाईलमध्ये. कागदावर हे अगदी बँकेच्या तोलामोलाचं. खोच एवढीच, की प्रत्येक ॲक्सेसमध्ये जन्मतः 'ॲडमिन' नावाचा वापरकर्ता असे, त्याला पासवर्ड नसे आणि सगळ्या जगात तो एकच इसम होता. नव्या फाईलची मालकी त्याच्याकडेच जाई. ती काढून न घेता कितीही गट पाडले, तरी दुसऱ्या कुठल्याही मशीनवरचा ॲडमिन मालकाच्या ऐटीत आत शिरे. ती मालकी काढून घेण्याच्या पायऱ्या इतक्या होत्या आणि त्यांचा क्रम इतका नाजूक होता, की मधली एखादी हटकून गळायची. शेवटी २००७ मध्ये नव्या फाईलप्रकारातून मायक्रोसॉफ्टनं ही सगळी व्यवस्थाच काढून टाकली. त्याच वेळी पासवर्ड लावला की फाईल खरोखर कूटबद्ध होईल अशी सोय केली, हे मात्र मान्य करायला हवं. इथपासून पुढे पासवर्डाला अर्थ आला. तो पासवर्ड दुकानाच्या नावापुढे '१२३' असा असतो, हा मायक्रोसॉफ्टचा दोष नव्हे.

फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेसवर वाढलेले बुजुर्ग हे सगळं ऐकून मंद हसतात. त्यांच्या डीबीएफ फाईलला पासवर्ड लावायची भानगडच नव्हती. एक्सेलमध्ये टाका, उघडते. एवढंच नव्हे, तर डीबीएफमधली नोंद 'डिलीट' केली तरी ती जात नाही. तिच्या कपाळावर फक्त चांदणीची एक खूण बसते आणि 'पॅक' हा हुकूम देईपर्यंत ती फाईलमध्येच पडून असते. किती संस्थांमध्ये गायब केलेलं कर्जखातं चांदणी लावून मागच्या बाकावर बसलेलं असेल, कल्पना करावी. कोडचं रक्षण म्हणाल, तर फॉक्सप्रोची एक्झी फाईल उलगडून मूळ प्रोग्राम काढून देणारं 'रीफॉक्स' नावाचं अवजार होतं. आणि आपला प्रोग्राम कुणी असा उलगडू नये म्हणून त्यावर शिक्का मारून देण्याची सोयही होती. कशात? रीफॉक्समध्येच.

ॲक्सेसमध्ये कोडसाठी एक कुलूप मात्र खरोखर दणकट आहे. फाईलची 'एमडीई' किंवा आजच्या भाषेत 'एसीसीडीई' करायची. यात लिहिलेला कोड काढूनच टाकला जातो आणि फक्त यंत्राला कळणारा भाग उरतो. फॉर्म, रिपोर्ट, कोड कुणालाही बदलता येत नाहीत. कुणालाही, म्हणजे बनवणाऱ्यालासुद्धा. मूळ फाईल त्यानं वेगळी जपून ठेवावी अशी अपेक्षा असते. ती 'डी' ड्राइव्हमध्ये 'नवीन फोल्डर (३)' मध्ये असते. त्या मशीनची हार्ड डिस्क उन्हाळ्यात, लाइटीच्या खेळखंडोब्यात, उडते.

आणि मग १ जुलै २०१७ उजाडतो. जीएसटी लागू होतो. व्हॅटचा रकाना जाऊन सीजीएसटी, एसजीएसटी यायला हवेत. गिऱ्हाईक फोन करतं, "साहेब, बिल बदलून द्या, उद्यापासून लागणार." साहेबांच्या हातात फक्त एसीसीडीई. शेजारच्या तालुक्यातल्या चोराला रोखण्यासाठी घातलेलं कुलूप आता त्यांनाच अडवून उभं. बरं, याच एसीसीडीईमध्ये तक्ते आणि क्वेऱ्या मात्र कुणालाही उघडता, बदलता येतात. म्हणजे बिलाच्या कागदावरचा लोगो सुरक्षित आणि गिऱ्हाइकांची उधारी रामभरोसे.

नजर कुठे लागलेली आहे ते इथे कळतं. प्रोग्रामर आपली अक्कल कुलुपात ठेवतो आणि दुसऱ्याचा डेटा ओसरीवर. फाईलचे दोन भाग करावेत, कोड प्रत्येक मशीनवर आणि तक्ते मागच्या वेगळ्या फाईलमध्ये, हा शहाणपणाचा सल्ला तो पाळतो. मागच्या फाईलला पासवर्डही लावतो. पण पुढच्या फाईलला मागची उघडायची तर पासवर्ड ठाऊक हवा, म्हणून तो जोडलेल्या तक्त्यांच्या माहितीत लिहिला जातो. कुठे? 'एमसिसऑब्जेक्ट्स' या तक्त्यात, 'कनेक्ट' या रकान्यात, स्वच्छ वाचता येईल असा. आणि ती मागची फाईल असते शेअर केलेल्या फोल्डरमध्ये, 'एव्हरीवन, फुल कंट्रोल' असा आशीर्वाद देऊन. असं न केल्यास दुसऱ्या काउंटरवर बिल निघत नाही, हा फील्डवरचा अनुभव.

नकल रोखण्याचा विभाग तर स्वतंत्र करमणुकीचा. आधी प्रिंटरच्या पोर्टला लावायचं हार्डवेअर लॉक होतं. ते लावायचं, त्याच्या पाठीवर डॉट मॅट्रिक्स प्रिंटर जोडायचा आणि दोन्ही चालावेत म्हणून देवाचं नाव घ्यायचं. पुढे नव्या संगणकांतून ते पोर्टच नाहीसं झालं. मग हार्ड डिस्कचा नंबर वाचून लायसन्स बांधायची टूम निघाली. बहुतेक प्रोग्रामर वाचतात तो 'व्हॉल्यूम'चा नंबर, जो विंडोज फॉरमॅट केली की बदलतो. व्हायरस आला, कोपऱ्यावरच्या हार्डवेअरवाल्यानं नेहमीचा एकमेव उपाय म्हणून फॉरमॅट मारला, की पैसे मोजून घेतलेलं गिऱ्हाईक चोर ठरतं. ज्यानं खरोखर नकल केली, त्याला तो नंबर हवा तसा बदलून देणारी फुकट अवजारं ठाऊक असतात.

वार्षिक मुदतीचं कुलूप त्याहून हळवं. ३१ मार्चला सॉफ्टवेअर थांबेल, पैसे भरा, चालू करून देतो. गिऱ्हाईक घड्याळ मागे नेतं. घड्याळ मागे नेलेलं ओळखायचा कोड प्रोग्रामर लिहितो. तेवढ्यात मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी संपते, संगणक आपोआप वीस-पंचवीस वर्षं मागे जातो, आणि पैसे भरलेल्या माणसाला सॉफ्टवेअर सांगतं, की तुम्ही तारखेशी खेळ करताय.

आपल्या प्रोग्रामरनं यात कमीपणा मानायचं कारण नाही. मायक्रोसॉफ्टसारख्या कंपनीनं विंडोज ९५ च्या सीडीला जो आकडा मागितला, त्याची तपासणी मुख्यतः एवढीच होती, की शेवटच्या सात अंकांच्या बेरजेला सातानं भाग जावा. १११-१११११११ हा आकडा त्यात सुखेनैव पास होई. ज्या कंपनीच्या बिल गेट्सनं १९७६ मध्येच हौशी संगणकवाल्यांना खुलं पत्र लिहून नकला करण्याबद्दल झापलं होतं, तिचं हे कुलूप!

या साऱ्यात सर्वांत नाट्यमय कुलूप मात्र लाहोरचं. तिथल्या अल्वी बंधूंनी वैद्यकीय कामासाठी सॉफ्टवेअर बनवलं होतं. लोक त्याच्या नकला करतात म्हणून १९८६ मध्ये त्यांनी फ्लॉपीच्या बूट सेक्टरमध्ये बसणारा एक प्रोग्राम लिहिला. पीसीवर पसरलेला पहिला व्हायरस म्हणून जो 'ब्रेन' प्रसिद्ध आहे, तो हाच. त्यात दोघांनी आपलं नाव, दुकानाचा पत्ता आणि फोन नंबर घातला होता, म्हणजे नकलवाल्यानं मुकाट्यानं संपर्क साधावा. ज्यांनी लाहोर नकाशावरही पाहिलं नव्हतं अशा परदेशांतल्या लोकांचे फोन येऊ लागले, तेव्हा नकल किती लांब जाते याचा अंदाज बंधूंना आला. पुढे त्याच नावानं त्यांनी इंटरनेट पुरवणारी कंपनी चालवली. आपला तालुक्याचा प्रोग्रामरही सॉफ्टवेअरमध्ये नाव आणि मोबाइल नंबर घालतोच, पण त्याला फोन येतात ते फक्त प्रिंट अर्धीच निघते म्हणून.

कायदा त्याच्या बाजूनं आहे. कॉपीराइट कायद्याच्या ६३-ब कलमाखाली सॉफ्टवेअरची चोरटी प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्याला किमान सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड होऊ शकतो. पण पंधरा हजारांच्या सॉफ्टवेअरसाठी तालुका कोर्टात तारखा घ्यायच्या, तर वकिलाची फी भरण्यासाठी आणखी चार सॉफ्टवेअरं विकावी लागतील.

डेटाच्या बाजूनं मात्र कायदा आता गंभीर झालाय. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहिली पाहिजे आणि ती बंद करता येता कामा नये. ॲक्सेसमध्ये अशी नोंद ठेवणं सोपं आहे. एक तक्ता करायचा, कुणी काय बदललं ते त्यात लिहायचं. मग भाचा शिफ्ट दाबून तो तक्ताही उघडतो आणि आपलं नाव पुसून मुनीमजींचं टाकतो. २०२३ च्याच डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात पुरेशी काळजी न घेतल्याबद्दलच्या दंडाची कमाल मर्यादा अडीचशे कोटी रुपये आहे. ही रक्कम मेडिकलवाल्या शेठना सांगितली तर ते म्हणतात, "मग एएमसीत काही कमी करा."

जाणते सल्ला देतात, की तक्ते सरळ एसक्यूएल सर्व्हरमध्ये ठेवा, तिथे वापरकर्त्यांचे अधिकार खरे असतात. सल्ला उत्तम आहे. फक्त तिथल्या 'एसए' या सर्वाधिकारी खात्याचा पासवर्ड कोरा ठेवू नये. कोरा ठेवणारे जगभर इतके होते, की २००२ मध्ये 'स्पायडा' नावाच्या किड्यानं निव्वळ तेवढ्या भांडवलावर संचार केला.

समजा, एखाद्यानं हे सगळं मनापासून केलं. फाईल दुभागली, एसीसीडीई केली, मूळ प्रत दोन ठिकाणी जपली, तक्ते सर्व्हरवर नेले, पासवर्ड लांबलचक ठेवले, शिफ्ट बंद केला, परसदार लिंपलं. डिलिव्हरीच्या दिवशी पेढे वाटले जातात. शेठ लॉगिन करून बघतात, मान डोलावतात, खुर्चीत जरा पुढे सरकतात आणि विचारतात, "सर, हे सगळं एक्सेलमध्ये निघतं का? सीएंना पाठवावं लागतं."

प्रोग्रामर तिथल्या तिथे बटण टाकून देतो. मोठं, हिरवं, होम स्क्रीनच्या मधोमध. दाबलं, की सगळी गिऱ्हाइकं, मोबाइल नंबर, उधाऱ्या आणि औषधं एका फाईलमध्ये डेस्कटॉपवर. भाचा ती लगेच व्हॉट्सॲपवर सीएंना पाठवतो आणि चुकून फॅमिली ग्रुपवरही.